हात सैल सोडा

डंडीत नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
टे नदीवरचा वारा आमच्या तळघरापर्यंत पोचत नाही.
इथे घरघर फक्त कॉम्प्युटरची,
आणि पडद्यावर एक हात.

चेहरा नाही.
चेहरा चौकटीबाहेर ठेवण्याइतकी अक्कल त्याला होती.
कोपऱ्यात उशीचा अभ्रा, त्यावर छापलेली पिवळी बदकं.
बदकांकडे मी बघत नाही.
मी बघते अंगठ्याच्या मुळाशी दुभंगलेली शीर,
जी पुढे पुन्हा एक होते, मध्ये बेट सोडून;
तर्जनीच्या पेरावरच्या चार आडव्या घड्या,
त्यांतली तिसरी तुटकी;
मनगटाजवळ मोहरीएवढा तीळ.

माझी आई बार्शीच्या बाजारात बांगड्या भरायची.
नावं तिच्या लक्षात राहत नसत.
सव्वादोन, हाड जाड, डावा अंगठा आखडलेला,
असं तिला गाव ठाऊक होतं.
साबणाचं पाणी लावून, बोटं जुळवून, तळवा दाबत
ती म्हणायची, हात सैल सोड गं बाई,
आणि बायका सोडायच्या.
मग घरी कुणाला न दाखवलेलंही
तिच्या मांडीवर येऊन पडायचं:
चार बोटांचे निळे ठसे, आणि आतल्या बाजूला
पाचवा, अंगठ्याचा.

कुणाचे, ते आई विचारत नसे.
दोन बांगड्या जास्त भरायची, गडद हिरव्या, ठशांवर येतील अशा.
पैसे डझनाचेच घ्यायची.
मी शेजारी बसून पुठ्ठ्याच्या नळ्या मोजत असे.
एकदा विचारलं, तर म्हणाली,
आपण कासार. हातातलं हातातच ठेवायचं.

मंगळवारी त्याला आणलं.
नाव फायलीत होतं. मी फाइल उघडली नव्हती, तसा नियमच आहे.
काळ्या कापडावर त्याचा हात,
आधी साध्या उजेडात,
मग त्या उजेडात जो डोळ्यांना दिसत नाही
आणि ज्यात शिरा काजळाने ओढल्यासारख्या वर येतात.
मूठ आवळलेली होती.
मी म्हटलं, इंग्रजीतच म्हटलं,
पण आवाज बार्शीचा निघाला:
हात सैल सोडा.

त्याने सोडला.
किती सहज सोडला.
आईपुढे रांगेत बसलेल्या कुणीही सोडावा तसा.
बोटं सरळ करताना माझ्या हातमोज्यातून कळलं,
हात ऊबदार होता.
याची नोंद करायला फॉर्मवर रकाना नाही.
शीर दुभंगली. बेट सोडून पुन्हा मिळाली.
मी बदकांचा विचार केला, पहिल्यांदाच,
आणि फोकस चुकला. फोटो परत काढावा लागला.

कोर्टात पंधरा ज्युरी, भिंतीवर हाताएवढा नव्हे,
दाराएवढा हात.
त्याचे वकील नम्र होते. चष्मा पुसत म्हणाले,
डॉक्टर कोकीळ, तुम्ही खात्रीने सांगता, हा तोच?
हातच्या काकणाला आरसा कशाला, असं आमच्यात म्हणतात.
इथे मी सकाळपासून आरसेच मांडत होते,
आणि तरी शेवटी मला एवढंच म्हणता आलं,
हा हात वगळता येत नाही.
वगळता येत नाही.
दुसऱ्यांदा कुणी विचारलं नव्हतं.

घरी नळाखाली हात धरला. पाणी बर्फासारखं.
शिरा खोल गेल्या, कातडी गुळगुळीत झाली,
मिनिटभर माझा हात कुणाचाही होता.

विमानाच्या आदल्या दिवशी आईने माझं माप घेतलं होतं,
न सांगता, नुसता हात हातात धरून.
त्या बांगड्यांतली एकच उरली होती, डाव्या हातात.
परवा ती फायलींच्या कपाटाला लागून वाढली.

फुटली.
कासाराच्या पोरीने असं म्हणू नये.
फुटली.