विश्वस्त क्रमांक सात

पत्र आलं तेव्हा मी मैदानावर फक्कीनं पट्टे आखत होते.
"क्रीडा क्षेत्रातून आपली निवड करताना आनंद होत आहे."
हात पांढरे, म्हणून कागद कोपराखाली दाबून वाचला.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत
फाउंडेशनची खोली इतकी गार
की सळईच्या गिरणीची धग
काचेपलीकडं नुसती हलताना दिसते.
गिरणी पारसमल बंबांची. ते अध्यक्ष.
शेजारी डिगांबरराव भुतेकर, बियाणंवाले,
अंगठ्याला अजून औषध लावलेल्या बियांचा गुलाबी डाग.
मग अफसर पहिलवान, कानांची भजी झालेले,
एक सीए,
पुण्याच्या कुणा उद्योजकाची कायम रिकामी खुर्ची,
आणि मी.

खो-खोत आम्ही आठजणी ओळीनं बसायचो,
एकीचं तोंड उगवतीला, दुसरीचं मावळतीला.
पाठ मोकळी ठेवायची. पाठीनंच ऐकायचं.
खो मिळाला नाही तर उठायचं नाही,
मिळाला तर विचार करायचा नाही.
इथं सगळ्यांची तोंडं पडद्याकडं
आणि पाठीला खुर्चीची जाड गादी.
चार बैठका मी तशीच बसून काढल्या.

इतिवृत्तात मात्र दर वेळी माझं नाव:
"श्रीमती विमल टोम्पे यांनी अनुमोदन दिले."
मी फक्त मान हलवली होती,
बिस्कीट गिळताना.

पाचव्या बैठकीला विषय मॅरेथॉन.
टी-शर्ट दोन हजार, छातीवर फाउंडेशनचं चिन्ह.
अफसरभाई माझ्या कानाशी पुटपुटले,
"दौडनेवाले कौन? डाक्टर लोगां."
तेवढ्यात भुतेकर वळले, पहिल्यांदाच माझ्याकडं:
"ताई, तुमच्या पोरींची उगवण किती?"

सगळे हसले.
ते हसले नाहीत.
पिशवीवर छापावंच लागतं त्यांना,
उगवणशक्ती, किमान इतके टक्के.

मी उभी राहिले. खुर्ची चाकांवर मागं गेली.
म्हटलं, सात वर्षांत चाळीस पोरी.
राज्याला खेळल्या अकरा.
एसटीचा पास संपला म्हणून थांबल्या नऊ.
लग्नं झाली बाराजणींची,
त्यातल्या दोघींची दहावीच्या आधी.
एक रुक्साना. खांबावरून अशी सूर मारायची
की पंचाची शिट्टी तोंडातच राहायची.
ती आता तुमच्या बीजोत्पादनाच्या प्लॉटवर, साहेब,
कपाशीची फुलं सोलते, पराग लावते.
बोटं चपळ आहेत तिची.
एका सकाळी किती फुलं होतात, मुकादमाला विचारा.
उरलेल्या सात अजून मैदानावर.

"साडेसत्तावीस टक्के," सीए म्हणाला.
"लॉट नापास," भुतेकर म्हणाले,
आणि पेनाचं टोपण उघडत राहिले, लावत राहिले.
बंबशेठनी चहा मागवला.

मॅरेथॉन झालीच.
टी-शर्ट पंधराशे,
पाचशेंचे पैसे पासांना.
इतिवृत्तात ते "किरकोळ" या सदराखाली आहे.
माझ्या बोलण्याची एक ओळ होती:
"श्रीमती टोम्पे यांनी माहिती दिली."
मी सही केली. दुसरं काय करणार?
जून जवळ आला होता, पास काढायचे होते.

रविवारी सकाळी मैदानाच्या कडेला पांढरी गाडी.
पाण्याचा टँकर येऊन गेलेला, माती जरा दबलेली,
पोरी ओळीत बसलेल्या, एक इकडं तोंड करून, एक तिकडं.
काच खाली झाली.
भुतेकर. एकटेच.
बराच वेळ बघून त्यांनी विचारलं,
"यातली रुक्साना कोणती?"

"इथं कशी असेल साहेब?
फुलं सकाळचीच लागतात ना तुम्हाला."

त्यांनी घड्याळ पाहिलं.
साडेआठ.
मागं कुणीतरी ओरडलं, खो,
आणि एक पोरगी उठून पळाली.