ठिबक

मिरकरवाड्यातून बांगडा भरला
की गाडी ठिबकतेच.
बर्फाचं पाणी, मिठाचं, रक्ताचं,
हातखंब्यापर्यंत मागे ओली रेघ.
त्यात डिझेलचा थेंब कोण वेगळा काढणार?

काटा तेवढा काढत होता.
चौथ्या खेपेला शेठ म्हणाला,
वाटेत विकतोस काय रे?

रात्री तीनला हनीफ होडेकर
लुंगी खोचून गाडीखाली शिरला.
आधी नुसतं पुसलं. पंप, फिल्टर, नळ्या,
तापातल्या पोराचं अंग पुसावं तसं.
मग लेकीच्या डब्यातली पावडर
तळहातावरून फुंकली सगळीकडे.
"मार स्टार्टर."

इंजिन थरथरत राहिलं.
टॉर्च एक, डोळे चार.
मागे बर्फ टपटपत होता, दर वेळी फसवत होता.
आणि रिटर्नच्या बोल्टाखाली
पांढऱ्यावर हळूच
एक करडा डाग ओला झाला.

वॉशर. तांब्याचा. जुन्या चार आण्याएवढा.
दुकान दहाला उघडणार,
तोवर बांगडा कुठला थांबतोय!
त्याने तोच शेगडीवर लाल केला,
टमरेलात सोडला. चर्र.
"लोखंड असं केलंस तर अडतं.
तांबं नरम येतं. मग बसतं."

हातपंप मारत राहिला:
फेस, बुडबुडे, फेस,
मग एकसंध धार.
पैसे विचारले तर म्हणाला,
चार बांगडे काढून ठेव, डोळे बघून.

आंबा घाट चढून गाडी बाजूला घेतली.
वाकून बोल्टाखाली बोट फिरवलं,
नाकाशी नेलं.
नुसता बांगडा.

शेठला अजून काही सांगितलेलं नाही.