सत्तावीस नंबर

मालिकेचं खरं नाव हिंदी होतं, लांबलचक.
आम्ही म्हणायचो सत्तावीस नंबर.
यानाच्या पोटावर तो आकडा होता
आणि वरुडहून येणाऱ्या मुक्कामी गाडीवरही.
दौलत कंपाउंडर म्हणायचा,
दोन्ही सारखेच बाप्पा, कवा येतीन भरोसा नाई.

गुरुवारी रात्री नऊला, सोसायटीच्या पडवीत
चाळीस माणसं, एक काळापांढरा डबा,
आणि वर गोदामाच्या स्लॅबवर
पुंजाराम खेरडे, अँटिना धरून.
त्याचा हात हलला की अख्खं यान
मुंग्यांत बुडायचं.

"दिसून रायलं का?"
"दिसून रायलं!"
"काय दिसून रायलं?"
मग सगळे एकदम वर बघून ओरडायचे.
"शलाकाले धरलं!"
"कोनं?"
"थे तीन डोळेवाले!"
"मंग डबडं काय करून रायलं, झोपलं का?"
डबडं म्हणजे यानातला यंत्रमानव.
पुंजारामचा त्याच्यावर जीव होता,
न बघताच.

दुसऱ्या दिवशी संत्र्याच्या बगिच्यात
तणसावर बसून फळं निवडताना
आमच्या हाताला पेटी, तोंडाला यान.
शलाकाच्या ग्रहावर तीन सूर्य, हे ऐकून मैनाबाई म्हणाली,
मे महिन्यात इकडे ये म्हना तिले,
एकच कसा पुरते थे पाय.
आणि तिचं रक्त? पडद्यावर ते काळंच दिसायचं.
कोणी म्हणे हिरवं, कोणी म्हणे जांभळं.
दोन बायांचं यावरून आठ दिवस बोलणं बंद होतं.

अडतिसावा भाग शेवटचा.
यान परत फिरणार, इंधन एकाचंच कमी,
कोण मागे राहणार?
आणि डी.पी. उडाली.
अंधारात कोणीतरी शिवी घातली, बारकी पोरं रडली,
वरून आवाज आला,
"दिसून रायलं का?"

तारा जोडायला लाईनमन सोमवारी आला.
तोवर पंचफुला अमरावतीहून परतली होती,
सुनेच्या बाळंतपणाला गेलेली, दवाखान्यात.
तिथं टीव्ही होता. सगळ्यांनी तिला घेरलं.
पुंजाराम मागे उभा, खांद्यावर टॉवेल.

पंचफुलानं एक संत्रं उचललं, फिरवून पाहिलं,
डागी निघालं, बाजूला ठेवलं.
मग म्हणाली, डबडं रायलं मांगं.
त्या ग्रहाच्या धाब्यावर चढलं,
अन् अँटिना धरून उभं रायलं,
यानाले वाट दिसाव म्हनून.
हालला असता तं सारे गेले असते, पन हाललं नाई.

कोणी काही बोललं नाही.
दौलतनं विडी विझवली.
पुंजाराम म्हणाला, "हात दुखत असन त्याचा,"
आणि पेट्या मोजायला गेला.

परवा माझ्या मुलानं सगळे भाग शोधून दिले मोबाइलवर.
अडतिसाव्यात सगळेच परत येतात.
बँड, फुलं, कप्तानाचं भाषण,
डबडं हसवण्यापुरतं एकदा धडपडतं.
मी काटोलला पंचफुलाला फोन लावला.
"अवो माय, मी कुठं पायलं?
वार्डातल्या टीव्हीपुढं एक जाडा मानूस बसला होता,
त्याची टाळूच दिसे."
मंग ते सारं?
"थो विचारत होता ना," म्हणाली,
आणि गुडघ्यांचं सांगत बसली.

दिवाळीत गावी गेले तेव्हा पुंजाराम खाटेवर होता.
म्हटलं, सत्तावीस नंबर पाहता का, आता अँटिना लागत नाही.
त्यानं मोबाइल घेतला, दोन मिनिटं डोळे बारीक केले,
मग पालथा ठेवला उशीवर.
"आवाज राहू दे," म्हणाला.
"अन् तू सांगजो मधामधात, काय दिसून रायलं थे."

तीन दिवस सांगत होते मी,
शलाकाचं रक्त निळं निघालं, तेसुद्धा.
सदतिसावा संपला.
विचारलं, शेवटचा लावू?

"थो काऊन?" म्हणाला.
"थो पंचफुलानं सांगतला ना."