अस्तर

कापड आधी हातात घ्यायचं नसतं.
टेबलाच्या कडेवरून खाली सोडायचं
आणि ऐकायचं.
रेशीम पडतं शेजारच्या खोलीत कुणी दार लोटावं तसं.
पॉलिस्टर कुरकुरतं, बिचारं स्वस्त आहे,
घामाचा एक थेंब पोटात घेत नाही.
मखमल पडते तेव्हा काहीच ऐकू येत नाही,
म्हणून तिचा मला कधी भरवसा वाटला नाही.

कुताइसीत, रिओनीच्या पुलापाशी,
एकेचाळीस वर्षं मी नाचाचे झगे शिवते.
पाय दिसेल असा एकही शिवला नाही.
आमच्याकडे बाई नाचते तेव्हा तिला पाय नसतातच,
ती नुसती सरकते.
तो भोवती फिरतो, छाती काढून, कमरेला खंजीर लावून,
पण त्याच्या चोख्याची कडसुद्धा
हिच्या घेराला शिवता कामा नये.
म्हणजे त्या दोघांत जे काही आहे
ते त्या दीड वितीत आहे,
आणि ती दीड वीत
माझ्या कात्रीच्या हिशेबात असते.

तेक्लेला डाळिंबी हवा होता.
सतराव्या वर्षी सगळ्यांनाच हवा असतो.
ओतिया मास्तर म्हणाले, पांढरा. नेहमीचा.
पांढऱ्याला कुणी नावं ठेवत नाही,
आणि मास्तर आता त्या वयाला आलेत
जिथे तेवढं पुरतं.

मी सात तुकडे घेऊन थिएटरात गेले.
जुने दिवे काढून टाकले होते.
ते दिवे तापट होते, पिवळे,
लालाला सांभाळून घ्यायचे,
शिवणीतली चूकही पोटात घालायचे.
नवे दिवे अंझोरच्या मांडीवरल्या लॅपटॉपमधून पेटतात.
डाळिंबी मखमल तेक्लेच्या खांद्यावर टाकली,
तर खाटकाच्या दुकानातली कलेजी.
शेवाळी म्हणजे इस्पितळाची भिंत.
पांढरा इतका निळा
की मुलगी फ्रिजमधून काढल्यासारखी.
मी म्हटलं, अंझोर, जरा पिवळा कर.
म्हणाला, केलाय की.

एकेचाळीस वर्षांत पाठ केलेलं सगळं
एका दुपारी खोटं ठरलं.
मी मुकाट्यानं तुकड्यांच्या घड्या घालायला बसले.

हॉलमध्ये गारठा होता.
तेक्लेनं गाठोड्याचं कापड ओढलं, अंगाभोवती घेतलं.
माझं अस्तराचं सुती कापड ते.
अक्रोडाच्या हिरव्या टरफलांच्या पाण्यात
बादलीत मीच बुडवलेलं,
डाग दिसू नयेत एवढ्याचसाठी.
आणि ती कंटाळून, कुणासाठीही नाही,
रंगमंचावरून चार पावलं सरकली.

अंझोरनं बोटं उचलली कळांवरून.
मास्तर म्हणाले, हे कुठलं?
म्हटलं, अस्तर.
अस्तराचा कधी झगा करतात?
नाही करत, म्हटलं. थांब गं, तशीच उभी राहा.

पण सुती हलकं. गिरकीला उडणार, टाचा दिसणार.
किनारीत शिसं भरून पाहिलं, मेंढराच्या गळ्यातल्या घुंगरागत वाजलं.
मग रात्री अकराला
मी ती बिनआवाजाची मखमल उचलली
आणि आतून लावली, कमरेपासून जमिनीपर्यंत.
वजन आलं. शिवाय मखमल पोटऱ्यांना धरते,
पावलं आपसूक लहान पडतात.
इतकी वर्षं मी उगाच तिच्यावर संशय घेतला.

पहिल्या तालमीत मी शेवटच्या रांगेत बसले.
मुलगा फिरत होता, दीड वीत राखून,
आणि ती, अक्रोडाच्या पाण्याच्या रंगाची,
पाय नसलेली.
मास्तर काही बोलले नाहीत. म्हणजे आवडलं असावं,
किंवा ऐकू येत नसावं.

नंतर जिन्यात तिनं घेर उचलला.
पांढऱ्या मोज्यांवर गुडघ्यापर्यंत लाल ओघळ.
रंग जातो हो याचा, म्हणाली.
म्हटलं, डाळिंबी आहे, जाणारच.
ती हसली, घेर खाली सोडला,
आणि दोनदोन पायऱ्या टाकत
धाडधाड उतरून गेली.