बेदाण्यातला ण

तासगावहून मणेराजुरीला जाताना
मगदूमांच्या कोल्ड स्टोरेजची भिंत,
साठ फूट लांब, कोरी,
तिच्यावर तीनच शब्द काढायचेत.
आज चौथा दिवस. बे झाला, दा झाला.
ण पाशी हात थांबलाय.

खिशात फोन आहे, फोनमध्ये
चार हजार एकशे सोळा अक्षरं जपून ठेवलीत.
इराणी ठिपके, जपानी फटकारे,
कुण्या जर्मन बाईनं बोरूनं ओढलेली काळी वेलांटी,
लंडनच्या गुत्त्यावरची सोनेरी पाटी,
आणि पुण्याच्या पोरांनी संगणकावर घडवलेले
तीस तऱ्हेचे ण:
पोट सुटलेला, पोट आत घेतलेला,
एक तर इतका बारीक की वाऱ्यानं पडेल.
रात्री अंथरुणात अंगठ्यानं सरकवत बसतो.
एक डोळ्यात उतरायच्या आत खालचा वर येतो.
बायको म्हणते, डोळ्यांची खापरं होतील.
मी म्हणतो, शिकतोय.

दस्तगीर पेंटरकडं सात वर्षांत
मला तीन वळणं मिळाली:
एक दुकानाचं, एक देवळाचं, एक निवडणुकीचं.
निवडणुकीचं त्यांचं त्यांनाच आवडायचं नाही.
पहिले आठ महिने तर नुसती शिरोरेघ.
निळीत बुडवलेला दोरा, एका टोकाला मी,
दुसरं टोक खिळ्याला;
मध्ये चिमटीत धरून ते सोडायचे, फट्!
भिंतीवर रेघ, माझ्या नाकावर निळे शिंतोडे.
ण शिकवला तेव्हा म्हणाले,
‘झोळी टांगलीय, बाजूला काठी उभी केलीय, बस.
फकीर कुठं गेला ते तुला काय करायचंय?’

मी गेलो फकीर शोधत.

दुपारी मगदूम आले, गाडीवरूनच बघत राहिले.
‘ब आपल्याकडचा वाटतोय,’ म्हणाले,
‘द कुठनं परदेशातनं आल्यागत दिसतोय.
वळख तरी हाय का दोघांची?’
हसले नाहीत. तेच लागलं जास्त.

रस्त्यापलीकडं शेडमध्ये
जाळ्यांवर द्राक्षं पसरलीत.
पंधरा दिवस तशीच पडून राहतात,
पाणी सोडतात, आक्रसतात, गोड होतात.
रोज नवी द्राक्षं दाखवायला
त्यांच्याकडं कुणी येत नाही.
मी कुठलं अक्षर पंधरा दिवस जवळ ठेवलं होतं?
पंधरा मिनिटं?

खाली तौफिक रंग घोटतोय, दस्तगीरांचा नातू.
त्यानं आजोबांचा हात चालताना पाहिला नाही.
‘काका, ह्यो बघा, कोरियातला एक जण
दोन्ही हातानं एकदम लिव्हतोय!’
बघावंसं वाटलं. खोटं कशाला बोलू.
पायरी उतरलोही एक.
मग म्हणालो, ‘आधी पांढरा दे.’
ब पुसला. द पुसला. तीन दिवसांची मजुरी
चुन्यासारखी ओघळत खाली आली.

दोरा नव्हता, द्राक्षबागेतली सुतळी घेतली.
नीळ नव्हती, निळा ऑइल पेंटच चोळला.
‘टोक धर. ताण. अजून ताण.’
सोडली. रेघ जाड आली, मध्ये एक थेंब फुगला,
तौफिकच्या भुवईवर निळं.
‘काका, हे कुठं शिकवत्यात?’
उत्तर सुचलं नाही. ‘इथंच,’ म्हणालो,
पण तोवर तो तोंड धुवायला गेला होता.

सांज व्हायला ण उतरला.
दस्तगीरांची झोळी डावीकडं कलायची,
शेवटी हात कापायचा म्हणून.
माझी उजवीकडं कलली.
माझा हात तर कापत नाही.
मग ही कलली कशानं, बराच वेळ बघत राहिलो.
‘फोटो काढू?’ तौफिकनं विचारलं.
‘वाळू दे आधी.’

रात्री फोन उघडलाच.
चार हजार एकशे सतरा झाली.
उद्या कोल्ड आहे, परवा स्टोरेज,
आणि ल ला जोडलेला ड
मला अजून नीट येत नाही.