भिंतीवरचा कटला

हतनूरच्या पाण्यातला अठरा किलोचा कटला
झिपरूकाकानं खाल्ला नाही.
एका कुशीनं चिरला, कातडं सोलून
मीठ, टाकणखार चोळला,
पोटात बाभळीचा भुसा.
शेपूट फाटलं, तिथं जुन्या एक्स-रेचा तुकडा,
काकूच्याच छातीचा.

रंग तर दुसऱ्याच दिवशी उडाला.
मग आठवून आठवून रंगवला:
पाठ काळसर, पोट कथलासारखं
आणि कल्ल्यांपाशी किंचित गुलाबी,
जो त्याच्याशिवाय कुणी पाहिलाच नव्हता.

डोळा म्हणजे नातवाच्या खिशातली गोटी.

आता भुसावळच्या मे महिन्यात
व्हार्निश घामेजतं. मांजर खाली बसून राहते.
काकू भाकरी थापताना म्हणते,
"देखा, मनाकडेच देखी ऱ्हायना."

शिवण भिंतीकडे आहे.
पालीला तेवढी माहीत.