ऑल राइट

मे महिन्यात भुसावळला
जे काय शिकायचं ते सकाळी सहाला शिकून घ्यावं.
आठला डांबर मऊ पडतं,
नऊनंतर कुत्रीसुद्धा नळाखालची जागा सोडत नाहीत.

म्हणून सहाला आम्ही क्वार्टर्समागच्या रस्त्यावर.
मी, रेवू, आणि ती.
ती म्हणजे सायकल. हिरवी, जुनी,
कौतिकभाऊंच्या दुकानातून साडेआठशेला घेतलेली.
मागची दोन छोटी चाकं त्यांनीच पान्यानं सोडवली
आणि माझ्या पिशवीत टाकली.
"ठेवा घरी. पण हिला दाखवू नका."

त्या रात्री रेवूनं सायकलवर चादर टाकली.
झोपताना विचारलं,
"पप्पा, कोणत्या बाजूला पडायचं
हे सायकलला कोण सांगतं?"
मला उत्तर आलं नाही.
बावीस वर्षं मालगाडीच्या शेवटी बसतोय,
पण माझी सगळी चाकं रुळांवर होती.

माझे वडील लोकोशेडला फिटर.
त्यांनी मला शिकवलं ते असं:
"धरलंय रे, धरलंय" तोंडानं चालू,
हात केव्हाच सुटलेला.
शिकलो. त्याच दिवशी शिकलो.
हनुवटीला तीन टाके,
आणि पुढं कित्येक वर्षं
कुणी "मी आहे ना" म्हटलं
की मी मागं वळून बघायचो.

रेवूला म्हणालो, सोडीन तेव्हा सांगून सोडीन.
"आईशप्पथ?"
"ड्यूटीशप्पथ."

चार दिवस ती नुसती बसली.
दोन्ही पाय जमिनीवर, आणि घंटी.
सारखी घंटी.
पाचव्या दिवशी एक पाय पेडलवर गेला.
तेवढ्यात सुभद्रामावशी, हातात दुधाची पिशवी,
"पडनी ते पडनी. उठी ना मंग."
रेवूला अहिराणी येत नाही.
पडण्यापुरती आली.
दोन दिवस सायकल पुन्हा चादरीखाली.

मधेच मला खंडव्याची खेप लागली.
अठ्ठावन्न वॅगन, आणि शेवटी ब्रेकव्हॅनमध्ये मी,
पाण्याचा कॅन, डबा, दिवा.
स्टेशन सोडताना ड्रायव्हर एकदा मागं बघतो.
मी हिरवा हलवतो, तो हलवतो,
मग वॉकीटॉकीवर खरखर: ऑल राइट.
पाऊण किलोमीटरवरचा माणूस,
चेहरा कधीच दिसत नाही,
तरी गाडी जाते.
रावेरच्या केळीबागांचा ओला वास
अंधारात डब्यात शिरून निघून गेला
तेव्हा सुचलं.

"रेवू, मागं बघायचं नाही. बघितलं की पडशील.
मी दिसणार नाही, ऐकू येईन."
कॅरिअर धरून वाकून पळत,
"ऑल राइट!"
"ऑल राइट," तीही, दात आवळून.
लिंबापर्यंत. स्पीडब्रेकरपर्यंत.
एकदा नुसतीच रडली, पण पेडल मारत रडली.

अकराव्या दिवशी दवाखान्याच्या भिंतीपाशी
तीच म्हणाली, "आता सोडा."
कानानं ऐकलं.
हातानं ऐकलं नाही.
"पप्पा, सोडा म्हणते ना!"
मग मी "सोडलं" म्हणालो,
आणि खरंच सोडलं.

सायकल डावीकडं झुकली, उजवीकडं झुकली,
कुणी न सांगता मधे आली.
एक शेळी कान हलवत बाजूला झाली.

वळायला अजून येत नव्हतं.
रस्ता संपला तिथं ती उतरली,
दोन्ही हातांनी सायकलचं शेपूट उचललं,
फिरवलं, फ्रॉक झटकला,
सीटवर बसली आणि थांबली.
कशाची वाट बघते मला कळेना.

"पप्पा! म्हणा ना!"

म्हणालो.
घसा कोरडा, तळव्यावर कॅरिअरच्या दांडीचा लाल वळ.
सहा वाजून चाळीस मिनिटं.
डांबर अजून कडक होतं.